‘होईल सवय’

रात्रीचे अडीच-तीन वाजलेले असतात. मेडिसिनच्या वॉर्डात मधल्या रांगेतल्या एका खाटेभोवती हिरवा पडदा ओढलेला असतो. छाती दाबून दाबून दोघांचे हात भरून आलेले, अँबू बॅग दाबणाऱ्या इंटर्नची बोटं आखडलेली. मग नवा रेसिडेंट ‘थांबा’ म्हणतो. मानेतली नाडी बघतो, छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ठोके ऐकू येतात का ते पाहतो, टॉर्चच्या उजेडात बाहुल्या तपासतो. ईसीजीची सरळ रेघ आलेली पट्टी केसपेपरला जोडतो आणि त्यावर वेळ लिहितो. मृत्यूच्या कारणाचा चार नंबरचा फॉर्म भरायला घेतो आणि पडद्याबाहेर येतो. बाहेर पेशंटची बायको, मुलगा, गावाहून आलेला चुलता उभे असतात. रेसिडेंटचं वय पंचवीस-सव्वीस.

यातली जवळजवळ प्रत्येक कृती त्याला कुणी ना कुणी शिकवलेली असते. पडद्याबाहेर आल्यावर काय बोलायचं आणि सकाळच्या राउंडपर्यंत स्वतःचं काय करायचं, एवढ्या दोन गोष्टी मात्र कुणी शिकवलेल्या नसतात. सकाळी चेहरा पाहून सीनिअर खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, ‘होईल सवय.’ आपल्या बहुतेक शिक्षण-रुग्णालयांत मृत्यूबद्दलचा धडा या दोन शब्दांत संपतो.

सवय होते, हे खरं आहे. प्रश्न असा की सवय नेमकी कशाची होते. कुणाला मरणाऱ्या माणसाजवळ बसण्याची होते, तर कुणाला राउंडमध्ये ती खाट झटपट ओलांडून पुढे जाण्याची. कोण कुठल्या वाटेला लागेल हे बहुतेक वेळा त्याच्या स्वभावावर ठरत नाही. पहिल्या चार-दोन मृत्यूंच्या वेळी त्याच्या शेजारी कोण उभं होतं, यावर ठरतं. गेल्या साठ-सत्तर वर्षांत या विषयावर जे संशोधन झालं, जे प्रयोग झाले आणि आपल्या वॉर्डांत जे चालतं, ते सगळं एकत्र पाहिल्यावर मी या मतावर आलो आहे.

मृत्यूशी पहिली गाठ वॉर्डात पडत नाही, पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये पडते. फॉर्मॅलिनच्या वासाने डोळे चुरचुरतात, काहींचं जेवण सुटतं आणि महिन्याभरात त्याच टेबलापाशी डब्याच्या गोष्टी सुरू होतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॅफर्टी यांनी १९९१च्या ‘इन्टू द व्हॅली’ या पुस्तकात याच काळाचा अभ्यास केला. शवाबद्दलचे किस्से विद्यार्थी एका बॅचकडून पुढच्या बॅचकडे कसे देतात आणि त्यांतून ‘घाबरणारा तो कच्चा’ हा धडा कसा पोचतो, हे त्यांनी दाखवलं. पुढे ‘छुपा अभ्यासक्रम’ ही कल्पना त्यांच्याच लेखनातून वैद्यकीय शिक्षणात रुजली. वर्गात एक शिकवलं जातं, व्हरांड्यात दुसरंच शिकलं जातं, आणि मुलांच्या अंगी लागतं ते व्हरांड्यातलं. आपल्याकडे १९४९च्या शरीरशास्त्र कायद्यानुसार बेवारस देह महाविद्यालयांना मिळत. देहदानाच्या चळवळीने त्यात माणसाची इच्छा आणली. आता अनेक महाविद्यालयांत मुलं पहिल्या दिवशी देहापुढे उभी राहून शपथ घेतात. हा बदल चांगला आहे. पण डिसेक्शन हॉलमधला देह कधी कुणाशी बोललेला नसतो. वॉर्डातल्या माणसाने संध्याकाळी ‘डॉक्टर, चहा घेतला का?’ असं विचारलेलं असतं.

डॉक्टरने किती गुंतावं, हा वाद जुना आहे. १ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या नव्या डॉक्टरांचा निरोप घेताना विल्यम ऑस्लर यांनी समचित्तता हा गुण फार वर ठेवला. आपल्या वाचकाला गीतेतला स्थितप्रज्ञ आठवावा, असंच ते वर्णन आहे. त्या भाषणाचा आधार घेऊन पुढच्या कित्येक पिढ्यांना कोरडेपणा शिकवला गेला. पण याच ऑस्लर यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मरणाऱ्या सुमारे ५०० रुग्णांच्या अखेरच्या अवस्थेची कार्डं ठेवली होती. त्यांतल्या ९० जणांनाच शारीरिक वेदना किंवा त्रास झाला, असं त्यांनी १९०४च्या व्याख्यानात सांगितलं. म्हणजे त्यांची समचित्तता खाटेजवळ थांबून, माणूस कसा जातो हे नीट पाहून आलेली होती. वारसदारांनी समचित्तता उचलली, कार्डं मात्र मागे ठेवली. १९६३ साली हॅरॉल्ड लीफ आणि रेने फॉक्स यांनी या प्रशिक्षणाला ‘अलिप्त आस्था’ असं नाव दिलं. आस्था हवी, पण हात थरथरू नयेत इतकी अलिप्तताही हवी. कल्पना चांगली होती. वॉर्डात मात्र अलिप्तता शिकवायला सोपी ठरली आणि आस्था ज्याची त्याने सांभाळायची राहिली. २००१ साली जोडी हाल्पर्न यांनी त्यावरच बोट ठेवलं. भावना बाजूला ठेवणारा डॉक्टर रुग्णाबद्दलची महत्त्वाची माहितीही बाजूला ठेवतो, असा त्यांचा मुद्दा होता. मला तो पटतो. भेदरलेला रुग्ण औषध का घेत नाही, हे त्याची भीती जाणवल्याशिवाय कळत नाही.

रुग्णालयं मृत्यूपासून किती दूर पळत होती याचा एक दाखला १९६५ सालचा आहे. शिकागो विद्यापीठाच्या बिलिंग्ज रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांच्याकडे धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी आले. त्यांना माणसाच्या आयुष्यातल्या संकटांचा अभ्यास करायचा होता, आणि मृत्यूहून मोठं संकट कुठलं? क्यूब्लर-रॉस वॉर्डावॉर्डांत जाऊन मरणासन्न रुग्णाशी बोलू द्या म्हणून विचारू लागल्या, तर एवढ्या मोठ्या रुग्णालयात मरणारा एकही रुग्ण नाही, असं चित्र उभं राहिलं. डॉक्टर तो विषयच टाळत होते. त्या मुलाखतींतून १९६९चं ‘ऑन डेथ अँड डाइंग’ आलं. त्यातले मृत्यू स्वीकारण्याचे पाच टप्पे आज कुणालाही तोंडपाठ असतात, आणि परीक्षेत पाच गुणांना येतात. माझ्या मते त्या कामाचं खरं मोल टप्प्यांत नाही. त्यांनी रुग्णाला शिक्षकाच्या जागी बसवलं आणि विद्यार्थ्यांना समोर बसून ऐकायला लावलं, ही त्यातली मोठी गोष्ट.

त्याच वर्षी, १९६५ साली, बार्नी ग्लेझर आणि अ‍ॅन्सेल्म स्ट्रॉस यांनी रुग्णालयांतलं एक नाटक टिपलं. रुग्ण जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त रुग्णाला सांगितलेलं नसतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॅन्सर वॉर्डात हे आजही रोज घडतं. ‘त्यांना काही बोलू नका हं डॉक्टर’ असं मुलगा बाहेर गाठून सांगतो. सर तो शब्द पाळतात, कारण सर दहा मिनिटांसाठी येतात. रात्रभर वॉर्डात असतो तो रेसिडेंट, आणि रात्री दोन वाजता म्हातारा त्यालाच विचारतो, ‘मी बरा होईन ना?’ त्या क्षणी काय म्हणावं, याची तयारी त्याच्याकडून कुणीच करून घेतलेली नसते.

आता आकड्यांकडे वळू. या विषयावरचा मला सर्वांत उपयोगी वाटणारा अभ्यास २००३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. अमेरिकेतल्या दोन शिक्षण-रुग्णालयांतल्या ६८ मृत्यूंबद्दल, त्या रुग्णांची काळजी घेतलेल्या १८८ डॉक्टरांना विचारलं गेलं. त्यांत इंटर्न होते, रेसिडेंट होते आणि वरिष्ठही होते. ज्याने रुग्णाला जास्त काळ सांभाळलं, त्याला मृत्यू जास्त लागला. स्त्री डॉक्टरांची प्रतिक्रिया अधिक तीव्र होती. पण ज्येष्ठतेने दुःख कमी झालेलं नव्हतं. वरिष्ठालाही तेवढंच लागत होतं, फरक होता तो आधाराच्या गरजेत. इंटर्नना आधार कितीतरी अधिक हवा होता. बहुतेक कनिष्ठ वरिष्ठांशी त्या मृत्यूबद्दल बोललेही होते. तरी सर्वांत मोठी मदत वरिष्ठांकडून झाली, असं म्हणणारे इंटर्न आणि रेसिडेंट एक चतुर्थांशही नव्हते.

हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवले, तर ‘होईल सवय’चा पायाच निखळतो. वर्षं गेली म्हणून दुःख आटत नाही. आणि ज्याला अनुभव आहे, तो बोलतो तरी त्याचं बोलणं पोचत नाही, कारण तो पोटॅशियमबद्दल बोलतो, अँटिबायोटिकबद्दल बोलतो. दोन्ही बोलावंच लागतं, पण इंटर्नच्या मनात वेगळंच चाललेलं असतं.

दुःखाला जागा मिळाली नाही तर पुढे काय होतं, हे लीट ग्रानेक यांनी कॅनडातल्या ओंटारिओच्या २० कॅन्सरतज्ज्ञांशी बोलून २०१२ साली मांडलं. संख्या लहान आहे, त्यामुळे तो अंतिम निकाल मानू नये. पण त्या डॉक्टरांनी जे कबूल केलं ते फार गंभीर आहे. गेलेल्या रुग्णाचं ओझं पुढच्या रुग्णाच्या उपचारात उतरतं, असं ते म्हणाले. कुणी हरायचं नाही म्हणून झेपणार नाही इतकी केमोथेरपी देतो. कुणी शेवट जवळ आला की खाटेकडे जाणंच कमी करतो. म्हणजे डॉक्टरचं न बोललेलं दुःख त्याच्यापाशीच थांबत नाही, पुढच्या खाटेवरच्या माणसाच्या अंगावर येतं. डॉक्टरांचं मानसिक आरोग्य हा डॉक्टरांचा घरचा मामला आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी या निष्कर्षाकडे पाहावं.

इथवरचं बरंचसं संशोधन परदेशातलं आहे. त्यात एक पात्र जवळजवळ दिसत नाही, ते म्हणजे चिडलेला जमाव. आपल्याकडचा रेसिडेंट मृत्यू जाहीर करायला शिकतो, तेव्हा आधी तो दरवाजा कुठे आहे ते पाहायला शिकतो. सिक्युरिटी वर येईपर्यंत ‘पेशंट फार सिरियस आहे, आम्ही प्रयत्न करतोय’ म्हणायचं, हे त्याला मागच्या बॅचने सांगितलेलं असतं. मार्च २०१७मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोचलं. वैद्यकीय सेवकांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याचा कायदा २०१०पासून होता. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. कायद्याने मार थांबला नाही, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही माहीत आहे. पण मला इथे वेगळी गोष्ट सांगायची आहे. जिथे भीती असते, तिथे दुःख आत येऊ शकत नाही. रुग्ण गेल्यावर पहिली दहा मिनिटं स्वतःच्या बचावात गेली, तर त्या माणसाबद्दल वाईट वाटायला वेळच उरत नाही. असं पन्नासदा झालं की नातेवाइकाचा हुंदकाही धोक्याची खूण वाटू लागतो.

नातेवाइकांवर सगळा दोष टाकून मी पुढे जाणार नाही. शेत गहाण टाकून, दोन जिल्हे ओलांडून, तीन दवाखान्यांतून ‘पुढे न्या’ ऐकत आलेला माणूस जेव्हा रात्री दोन वाजता एका पंचविशीच्या पोराकडून ‘गेले’ एवढंच ऐकतो, तेव्हा त्याचाही बांध फुटतो. त्याच्याशी दिवसभरात कुणी नीट बोललेलं नसतं. ज्याने बोलायला हवं होतं, त्याच्या हाताखाली खाटांपेक्षा जास्त पेशंट असतात, काही जमिनीवर गाद्या टाकून.

या भीतीतून आणखी एक रीत आली आहे. जाणाऱ्या माणसाची छाती दाबायची, ती तो वाचेल म्हणून नव्हे, तर बाहेरच्यांना प्रयत्न दिसावेत म्हणून. कॅन्सर सगळीकडे पसरलेला, आठवडाभर शुद्ध नसलेला रुग्ण, आणि बरगड्या मोडेपर्यंत सीपीआर. हे ज्याच्या हातून होतं, त्या मुलाच्या मनात ते फार काळ राहतं. मरणाऱ्याच्या तोंडात तुळशीपत्र आणि दोन थेंब पाणी घालण्याची आपल्या घरांतली रीत त्या पडद्याआड राहूनच जाते. अशा वेळी पुनरुज्जीवनाचा प्रयत्न न करण्याबद्दल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली मार्गदर्शक सूचना काढल्या. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८च्या निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३मध्ये वैद्यकीय इच्छापत्राची प्रक्रिया सोपी केली. वॉर्डात मात्र हा निर्णय कागदावर लिहायला अजून वरिष्ठ कचरतात. तो न लिहिल्याचा भार पहाटे तीन वाजता ड्यूटीवर असलेल्या सर्वांत धाकट्या माणसावर पडतो.

आणि मग ‘घरी नेतो’ म्हणणारे. पैसे संपतात, किंवा आशा संपते, किंवा आईचा जीव स्वतःच्या ओसरीवर जावा असं मुलांना वाटतं. रेसिडेंट केसपेपरवर ‘सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’ लिहितो, सही घेतो, रुग्णवाहिकेपर्यंत जातो. तो मृत्यू वॉर्डाच्या आकड्यात येत नाही. पण तो वाटेत गेला की घरी पोचला, शेवटी त्रास झाला का, हे त्या डॉक्टरला कधीच कळत नाही.

आकडे कधी अंगावर येतात. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालकं होती. चर्चा औषधांच्या तुटवड्याची आणि रिक्त पदांची झाली, ती व्हायलाच हवी होती. पण त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या मुलामुलींना एकामागून एक बाळ जाताना पाहावं लागलं, हेही त्याच घटनेत होतं. कोविडच्या दोन लाटांत तर इंटर्नच्या बॅचेसच्या बॅचेस यातून गेल्या. पीपीई किटमधून मोबाइल धरायचा, पलीकडे घरच्यांनी व्हिडिओ कॉलवर निरोप घ्यायचा आणि नंतर पिशवीची चेन ओढायची. त्यांतले बरेच जण आज पदव्युत्तर शिक्षण घेतात किंवा दवाखाने चालवतात.

चुकांचा प्रश्न याहून अवघड आहे. नवख्या डॉक्टरला एक गोष्ट ओळखता येत नाही: आजाराने गेलेला रुग्ण कुठला आणि माझ्या हातून गेलेला कुठला. त्याला दोन्ही आपल्याच खात्यावर दिसतात. २००० साली अल्बर्ट वू यांनी एका लेखात आपल्या निवासी काळातली आठवण सांगितली. एका सहकाऱ्याला हृदयाभोवती रक्त साठल्याची ईसीजीवरची खूण दिसली नाही. बातमी पसरली आणि बरोबरीच्या मुलांनीच त्याला नालायक ठरवलं. अशा डॉक्टरला वू यांनी ‘दुसरा बळी’ म्हटलं. या शब्दाला पुढे २०१९ साली रुग्णांच्या कुटुंबांच्या बाजूने जोरदार आक्षेप घेतला गेला. ज्याचा माणूस गेला त्याच्या शेजारी डॉक्टरला बळी म्हणून बसवू नका, असं त्यांचं म्हणणं. तो आक्षेप योग्य आहे. शब्द बदलावा, पण एकट्या पडलेल्या त्या मुलाला सांभाळायचं काम त्याने संपत नाही.

चार्ल्स बॉस्क यांनी १९७९च्या ‘फरगिव्ह अँड रिमेंबर’मध्ये शल्यविभागातल्या रेसिडेंटांकडे पाहिलं. हात चुकला तर वरिष्ठ माफ करत आणि लक्षात ठेवायला सांगत. पण चूक लपवली, वेळेवर कळवली नाही, तर माफी नव्हती. ही वाटणी मला आजही नीट वाटते. आपल्या मॉर्टॅलिटी मीटिंगमध्ये ती दिसत नाही. तिथे प्रेझेंटेशन बहुधा सर्वांत ज्युनिअर माणूस करतो, सगळ्यांसमोर उभा राहून, आणि प्रश्नांचा सूर असतो ‘तू काय केलंस?’ रात्री फोन कुणी उचलला नाही, रक्त किती वेळाने आलं, व्हेंटिलेटर रिकामा होता का, हे प्रश्न शेवटी येतात किंवा येतच नाहीत. ज्याने केसपेपर नीट वाचला आहे अशा सरांनी ‘तुझं पोटॅशियम वेळेवर होतं, हा माणूस आला तेव्हाच उशीर झाला होता’ असं सांगणं आणि ‘मनाला लावून घेऊ नकोस’ असं सांगणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि चूक असेल तर तीही तितक्याच नेमकेपणाने सांगावी. गोलमोल दिलाशाने मुलगा वर्षभर स्वतःला खात राहतो.

उपाय बरेच करून पाहिले गेले आहेत, आणि सगळे सारखे नाहीत.

वाईट बातमी कशी सांगावी याच्या ‘स्पाइक्स’ नावाच्या सहा पायऱ्या २००० साली वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि सहकाऱ्यांनी मांडल्या: जागा नीट निवडा, त्यांना आधीच काय माहीत आहे ते विचारा, किती ऐकायचं आहे ते विचारा, मग सांगा, मग थांबून त्यांच्या भावना समजून घ्या, आणि शेवटी पुढचं काय ते ठरवा. सराव करून घेतला तर उपयोग होतो. आपल्याकडची अडचण पहिल्याच पायरीवर आहे, कारण जिल्हा रुग्णालयात बसून बोलायला दोन खुर्च्यांची खोलीही नसते.

मोठ्या आपत्तीनंतर सगळ्यांना एकदाच बसवून सक्तीने बोलतं करायचं, अशी एक पद्धत जेफ्री मिचेल यांनी १९८३ साली आणली. ती जगभर पसरली. पुढे कोक्रेन आढाव्याने दाखवलं की अशा एकाच बैठकीने मानसिक आघात टळत नाही, काहींचं नुकसानही होऊ शकतं. एखादी दुर्घटना झाली की ‘सगळ्यांचं काउन्सेलिंग केलं’ म्हणून अहवाल देणाऱ्या प्रशासनाने हे लक्षात घ्यावं.

बोस्टनचे वकील केनेथ श्वार्ट्झ फुप्फुसाच्या कॅन्सरने १९९५ साली गेले. त्यांच्या नावाने १९९७पासून ‘श्वार्ट्झ राउंड्स’ सुरू झाले. महिन्यातून एकदा डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, सफाई कामगार असे सगळे एकत्र बसतात आणि एखाद्या रुग्णाने मनावर काय केलं ते सांगतात. निदानाची चर्चा तिथे नसते. इंग्लंडमधल्या एका मोठ्या पाहणीत नियमित येणाऱ्यांमधलं मानसिक तणावाचं प्रमाण २५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलं, न येणाऱ्यांमध्ये फारसा फरक पडला नाही. येणारे स्वतःहून आले होते, ही त्यातली मर्यादा. तरीही मला हा उपाय आशादायक वाटतो, कारण त्यात वरिष्ठही बोलतात. विभागप्रमुख ‘त्या मुलीचा चेहरा मला अजून दिसतो’ म्हणाला, की वीस रेसिडेंटांना एकदम कळतं की रडू आलं म्हणून आपण कच्चे ठरत नाही.

सर्वांत स्वस्त उपाय व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या जोनाथन बार्टेल्स या परिचारकाने सुचवला. रुग्ण गेला की हातमोजे काढण्याआधी सगळ्यांनी मिनिटभर शांत उभं राहायचं. एक जण म्हणतो, हा माणूस कुणाचा तरी मुलगा होता, कुणाचा तरी बाप होता. मग कामाला लागायचं. याला खोली लागत नाही, निधी लागत नाही, परिपत्रकही लागत नाही.

खरं तर आपल्या वॉर्डांत याच्या जवळपासचं काहीतरी चालतच असतं, फक्त ते डॉक्टर करत नाहीत. सिस्टर डोळे मिटवतात, जबडा बांधतात, हातपाय सरळ करतात, चादर नीट ओढतात. मावशी बाजूच्या खाटेवरच्या बाईला ‘तिकडं बघू नका’ म्हणून वळवतात. पहिल्यांदा पेशंट गेल्यावर स्टोअर रूममध्ये रडणाऱ्या इंटर्नला चहा आणून देतात त्याही बहुधा मावशीच. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या परिचारिकांनी, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना १९७३पासून १८ मे २०१५पर्यंत, बेचाळीस वर्षं सांभाळलं. पिढ्या बदलल्या, सेवा चालू राहिली. मरणाजवळ कसं राहावं याचं ज्ञान आपल्या रुग्णालयांत नाही, असं कुणी म्हणू नये. ते आहे, पण डॉक्टरांच्या शिडीवर नाही, आणि डॉक्टर मुलांना त्या शिडीखाली पाहायला शिकवलं जात नाही.

ज्यांना रोज मृत्यू पाहावा लागतो, ते पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांचा त्रास हलका करणारे डॉक्टर सर्वांत आधी मोडून पडायला हवेत, असं वाटेल. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झालं. पुढे त्याची शाखा गोव्यातही झाली. पुण्यात वारज्याला १९९७पासून असं केंद्र आहे. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली कालिकतला काम उभं केलं. टाटा मेमोरियलमध्ये या विषयातलं एमडीचं शिक्षण २०१२ साली सुरू झालं. या डॉक्टरांना दुःख होत नाही असं नाही. पण तिथे मृत्यू म्हणजे पराभव धरलेला नसतो, आणि ‘आता काही करण्यासारखं नाही’ हे वाक्य वापरायचं नसतं. श्वास लागतो आहे, मॉर्फिनचा डोस ठरवा. तोंड कोरडं पडलं आहे, ओला बोळा फिरवा. मुलाला पुण्याहून बोलवा. हाताला काम असलं की मनाला आधार मिळतो. माझ्या मते प्रत्येक एमबीबीएस विद्यार्थ्याने, मग तो पुढे हाडांचा सर्जन होवो की त्वचारोगतज्ज्ञ, अशा ठिकाणी निदान दोन आठवडे राहिलं पाहिजे.

अतुल गावंडे यांचं उदाहरण मराठी वाचकाला जवळचं वाटेल. त्यांचे वडील आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे, अमेरिकेत जाऊन मूत्ररोगशल्यज्ञ झाले. २०१४च्या ‘बीइंग मॉर्टल’मध्ये गावंडे लिहितात की वैद्यकीय शिक्षणात पुष्कळ शिकलो, पण मरण त्यात नव्हतं. मज्जारज्जूत गाठ झालेल्या वडिलांना, तुम्हाला कशाची भीती वाटते, काय गेलं तर चालणार नाही, हे विचारायला ते शिकले पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांकडून. तोवर ते स्वतः नावाजलेले सर्जन होते. घरात तीन डॉक्टर असूनही हे प्रश्न बाहेरून शिकावे लागले.

आपल्या अभ्यासक्रमाने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०१९च्या बॅचपासून एमबीबीएसला वृत्ती, नीती आणि संवाद यांचा ‘एटकॉम’ हा भाग सक्तीचा झाला. त्यात पहिल्या वर्षी ‘देह हा आपला पहिला शिक्षक’ आहे, शेवटच्या टप्प्यात ‘मृत्यूला सामोरं जाणं’ आहे. कागदावर हे उत्तम आहे. पण तो तास ज्या विभागाकडे येतो तिथे शिकवणाऱ्याला स्वतःला कुणी हे शिकवलेलं नसतं. शिवाय ज्याला त्याची खरी गरज आहे, तो पहिल्या वर्षाचा रेसिडेंट त्या तासाला नसतो, वॉर्डात असतो.

त्याचे तास किती असतात? केंद्राच्या १९९२च्या निवासी योजनेत सलग बारा तासांहून अधिक ड्यूटी नको आणि आठवड्याला ४८ तास, असं म्हटलं होतं. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांच्या वर जाऊ नका, अशी शिफारस केली. बत्तीस वर्षांत अपेक्षाच २६ तासांनी वर सरकली. त्याच कृतिदलाच्या पाहणीत ३१.२ टक्के पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं, पदवीच्या विद्यार्थ्यांत हे प्रमाण १६.२ टक्के होतं. याचं कारण एकटे मृत्यू नव्हेत. रॅगिंग आहे, फी आहे, झोप नाही. पण ज्याला छत्तीस तास झोप नाही, त्याने रात्री गेलेल्या बाळाबद्दल शांतपणे विचार करावा, अशी अपेक्षा ठेवणं क्रूरपणाचं आहे. अशा मुलांसाठी योगाचं सत्र किंवा ताणमुक्तीचं व्याख्यान लावून मोकळं होणाऱ्या व्यवस्थेला माझा विरोध आहे. योग वाईट नाही. पण त्यात दुरुस्त व्हायचं आहे ते फक्त त्या मुलाने, आणि ड्यूटीचा तक्ता तसाच राहतो.

म्हणून माझी विनंती युनिट चालवणाऱ्या सरांना आणि मॅडमना आहे. तुमच्याकडे नवे रेसिडेंट रुजू होतील तेव्हा त्यांची नावं लिहून घेता, ड्यूटी लावता. त्याच यादीत प्रत्येकाच्या नावापुढे एक जागा मोकळी ठेवा आणि त्याचा पहिला पेशंट गेला की तारीख लिहा. त्या रात्री फोन आला तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका, वॉर्डात या. नातेवाइकांशी तुम्ही बोला, त्याला शेजारी उभं राहू द्या. नंतर केसपेपर घेऊन दोघं दहा मिनिटं बसा, आणि दुसऱ्या दिवशीची त्याची दुपार मोकळी करा.